‘तिकीट’ हा शब्द कुठून आला? रेल्वे, टपाल आणि निवडणूक, तिन्हीकडे तोच कसा?

इंग्रजी ‘टिकेट’वरून. त्यामागे जुन्या फ्रेंचमधला ‘चिकटवलेली चिठ्ठी’ या अर्थाचा शब्द आहे. ‘एटिकेट’ त्याचंच भावंड. गंमत म्हणजे हा मूळ अर्थ आपल्या टपाल तिकिटात टिकलाय, आणि इंग्रजीत मात्र त्याला ‘स्टॅम्प’ म्हणतात.

निवडणुकीचा अर्थ अमेरिकी वळणाचा. तिथे एकोणिसाव्या शतकात पक्ष आपल्या उमेदवारांची यादी छापून वाटत, मतदार तीच पेटीत टाकत. यादी ते ‘तिकीट’. आपल्याकडे ते एकेकट्या उमेदवाराला मिळतं. कायद्यात हा शब्द नाही; तिथे लागतो पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे ‘हा आमचा अधिकृत उमेदवार’ असं पक्षाने लिहून दिलेला कागद.

घोटाळा सहसा होत नाही, क्रियापद अर्थ सांगतं: गाडीचं काढायचं, टपालाचं लावायचं, पक्षाचं मिळतं किंवा कापलं जातं.