आधी फणस, मग बाराखडी

अगं, लेकीला वाचायला कसं शिकवू म्हणून काय विचारतेस? चार वर्षांची पोर मालवणच्या एसटीची पाटी बघून 'हा माझा म' म्हणते, म्हणजे सुरुवात झालीच की! लगेच बाराखडी पाठ करून घेऊ नकोस. आधी ग, म, भ, न. मग काना-मात्रा नसलेले शब्द: घर, नळ, फणस. फणस तर तुमच्या परसातच आहे, नावाची चिठ्ठी बुंध्याला अडकव. घ-ध, भ-म यांत गोंधळ होतोच. आमचा लेक कितीतरी दिवस 'घर'ला 'धर' वाचायचा, मी उगाच ओरडले त्याच्यावर. पेन्सिलची घाई नको, बोटं कोवळी असतात. संध्याकाळी किनाऱ्यावर ओल्या वाळूत काठीने अक्षरं काढा; लाट येऊन पुसते, पोरांना तीच गंमत. रात्री गोष्ट वाचताना ओळीखालून बोट फिरव. कंटाळली की पुस्तक मिटायचं.