पहिल्यांदाच कोकणात गाडी घेऊन निघताय?

वाटेत खायला थांबायच्या दहा ठिकाणांची यादी करू नका, दोनच ठरवा. मुंबईहून पहाटे निघालात तर पनवेलजवळ पळस्पे फाट्यावरच्या दत्त स्नॅक्सला गर्दीआधी पोचाल. मिसळ आणि कोथिंबीर वडी घ्या. वडी गरम असतानाच संपवा, गाडीत बांधून नेली की मऊ पडते. वर पीयूष प्यायचा मोह होईलच, पण चालवणाऱ्याने अर्ध्या ग्लासावर थांबावं. वडखळ येईतो डोळे जड होतात. (अनुभव आहे!)

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- कडकडून भूक लागेपर्यंत गाडी थांबवत नाहीत, मग दिसेल तिथे वळतात.
- अख्खं मेन्यूकार्ड मागवतात. शेजारच्या टेबलांवर काय चाललंय ते बघा, तेच मागवा.
- पलीकडचं हॉटेल दिसलं की उलट्या बाजूने गाडी घालतात. अहो, ते परतीला ठेवा की.