सात हातांच्या ऑक्टोपसाला 'सप्तपाद' म्हणावे का?

प्रश्न असा: खोल समुद्रातल्या 'हॅलिफ्रॉन अटलांटिकस' या ऑक्टोपसाला इंग्रजीत 'सात हातांचा ऑक्टोपस' म्हणतात. मराठीत 'सप्तपाद' चालेल का?

चालू नये. 'ऑक्टोपस' मूळचा ग्रीक; 'ओक्तो' म्हणजे आठ, 'पूस' म्हणजे पाय. आपले 'अष्ट' आणि 'पाद' त्याच मुळातले, त्यामुळे 'अष्टपाद' हा शब्द त्याचा जवळचा नातलगच. त्यातला आठ ही साऱ्या गटाची खूण आहे. 'सप्तपाद' म्हटले की हा प्राणी गटाबाहेरचा वाटतो, आणि हात तर त्यालाही आठच असतात.

आठवा लपलेला असतो, तोही फक्त नराचा. उजवीकडचा तिसरा हात मिलनासाठी बदललेला असून तो उजव्या डोळ्याखालच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो. मिलनाच्या वेळी हा हात तुटून मादीकडे राहतो. मादीचे मात्र आठही हात उघड दिसतात. ती नरापेक्षा कितीतरी मोठी: २००२ साली न्यूझीलंडजवळ मिळालेली एक मादी अपूर्ण अवस्थेतही २.९ मीटर लांब आणि ६१ किलो वजनाची होती. एवढ्या मादीला 'सप्तपाद' कसे म्हणणार?

अशा बदललेल्या हाताचे शास्त्रीय नाव 'हेक्टोकोटिलस', आणि त्याची व्युत्पत्ती फार सुंदर आहे. १८२९ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांना ऑक्टोपसाच्याच एका नातलग जातीच्या मादीवर असा तुटलेला हात मिळाला. त्यांनी तो परजीवी कृमी समजून त्याला हे नाव दिले. 'हेकातोन' म्हणजे शंभर, 'कोतिली' म्हणजे वाटी. त्यावरच्या चूषकांच्या, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्यांच्या, रांगा पाहून सुचलेले. गैरसमज दूर झाला, नाव टिकले. मराठी लेखनात 'मिलनभुजा' म्हटले तर अर्थ लगेच कळतो.

आता पाद की भुजा? 'अष्टपाद' वाचून कोळी-विंचूही डोळ्यांपुढे येतात. संस्कृतात तर शरभ या कल्पित प्राण्यालाही हे नाव आहे. शिवाय हा प्राणी त्या अवयवांनी धरतो, चाचपतो. म्हणून वर्णनात 'भुजा' किंवा 'हात' बरे. 'संस्पर्शक' (इंग्रजीत 'टेंटॅकल') मात्र लिहू नये. ऑक्टोपसाच्या हातावर चूषक जवळजवळ पूर्ण लांबीभर असतात. माकुळाच्या (स्क्विडच्या) दोन लांब संस्पर्शकांवर ते मुख्यतः टोकाच्या फुगीर भागात असतात.

माझी पसंती 'गुप्तभुज ऑक्टोपस' या नावाला. तेही नरावरूनच आले, पण निदान मोजणी चुकवत नाही. इंग्रजी नावाचा अनुवादच हवा असेल तर 'सात हातांचा' लिहावे, 'हाता'वर अनुस्वार देऊन. 'भुजा' स्त्रीलिंगी: एक भुजा, आठ भुजा. 'ऑक्टोपस' पुल्लिंगी, अनेकवचनातही तसाच: दोन ऑक्टोपस. 'ऑक्टोपसाचा' आणि 'ऑक्टोपसचा' दोन्ही रूपे वापरात आहेत. एका लेखात एकच ठेवावे.