बियाणे कंपनीच्या मनुष्यबळ विभागात पहिले पाऊल ठेवताना

जालन्याच्या बियाणे कंपनीत मनुष्यबळ विभागात रुजू होत आहात, याबद्दल मनापासून अभिनंदन. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी उभी केली, तेव्हापासून हे गाव बियाण्यांच्या व्यवसायात मुरलेले आहे; शिकवणारी माणसे तुम्हाला पावलोपावली भेटतील.

आधी कार्यालय सोडून शेतावर जा. संकरित कापसाच्या बीजोत्पादनात मादी वाणाच्या कळीतले पुंकेसर संध्याकाळी हाताने काढून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर नर वाणाचे परागकण लावावे लागतात. हे नाजूक काम बहुतांशी स्त्रिया करतात आणि त्या सहसा कंपनीच्या नव्हे, तर बीजोत्पादक शेतकऱ्याच्या मजूर असतात. हजेरीपटावर नाव नाही म्हणून जबाबदारीही आपली नाही, असे मानणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक होय. १४ वर्षांखालील मूल तिथे राबताना दिसले, तर शेतकऱ्याशी केलेल्या करारातल्या बालमजुरीविरोधी अटीकडे बोट दाखवून परतू नका. शेतकऱ्याशी, पालकांशी आणि शाळेशी बोला.

आणखी दोन गोष्टी सांभाळा:

- मे-जूनमध्ये प्रशिक्षणे ठेवू नका. खरिपाची विक्री तेव्हाच होते आणि क्षेत्र प्रतिनिधींना जेवायलाही सवड नसते.
- विक्रीचा प्रोत्साहन भत्ता विक्रेत्यांकडून परत आलेला माल वजा करूनच ठरवा. नाहीतर दुकाने गरजेपेक्षा जास्त पाकिटांनी भरली जातात.

वेतनश्रेणींची फेररचना आणि उत्तराधिकारी घडवण्याच्या योजना एक पूर्ण हंगाम पाहिल्यानंतरच हाती घ्या.