मृत्यूवर बोलायला पहिल्यांदा माणसं बोलावताय?

जरूर बोलवा, पण विषयपत्रिका ठेवू नका. जॉन अंडरवूड यांनी २०११ मध्ये लंडनला स्वतःच्या घरी पहिला ‘डेथ कॅफे’, म्हणजे मृत्यूवर गप्पांची बैठक, भरवला, तेव्हापासूनची रीत हीच: चहा, केक, मोकळं बोलणं. निष्कर्ष नाही, काही विकणं तर नाहीच. आपल्याकडे कुणीतरी ‘आत्मा अमर आहे’ म्हणत प्रवचन सुरू करतंच. त्यांना नम्रपणे थांबवून ‘तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते?’ एवढंच विचारा. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, त्यांना मात्र आधी वेगळं भेटा. ही शोकसभा नाही, समुपदेशनही नाही. त्यांना कदाचित दुसरा आधार हवा असेल. कुणी रडलं तर पाणी द्या, जवळ बसा, समजावू नका. आणि गट लहानच ठेवा, नाहीतर भिडस्त माणसं गप्प राहतात.