पुस्तकं स्कॅन करताना मनगट का दुखतं?

प्रश्न : घरातले जुने दिवाळी अंक फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर स्कॅन करते आहे. स्कॅनर जमिनीवर ठेवलाय. तासाभरात उजवं मनगट आणि मान भरून येते. काय करावं?

उत्तर : आधी स्कॅनर जमिनीवरून उचला. ३०० पानांच्या अंकाला अंक उचलणं, पान उलटणं, पालथा घालणं आणि दाबून धरणं जवळजवळ १५० वेळा होतं. वाकून दाबताना मनगट मागे मुडपतं आणि सगळा भार तळव्याच्या बुडाशी येतो. उभ्याने काम करा. काच कोपराच्या किंचित खाली यायला हवी. स्वयंपाकाचा कोरडा ओटा बहुतेकींना चालतो.

हाताने दाबूच नका. दीड-दोन किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी अंकाच्या पाठीवर ठेवा. शिवणीजवळची अक्षरं अस्पष्ट आली की जोर वाढवला जातो, आणि तिथेच जुना डिंक तडकतो, पानं सुटतात. असा अंक अर्धवट उघडा ठेवून स्टँडवरच्या मोबाइलने वरून टिपलेला बरा. फोटोचं बटण दाबायला ब्लूटूथ रिमोट घ्या.

मजकुराला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) पुरतं. ६०० ठेवलंत तर दिवा सावकाश सरकतो, म्हणजे दर पानाला तेवढा वेळ जास्त ताटकळणं.

दर वीस मिनिटांनी थांबा, पानं उलटायचा हात बदला. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर काम बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. मनगटातली नस दबत असू शकते.