वाचकांचे प्रश्न : पंधराव्या वर्षातली वॅगनआर

प्रश्न : माझी वॅगनआर 2011 ची, के-10 इंजिन, पेट्रोल. 92 हजार किलोमीटर झाले आहेत. पंधरा वर्षे भरत आली, आता सगळेच विकायला सांगतात. आणखी पाच वर्षे ठेवली तर खर्च झेपेल का?
– वाचक, सातारा

92 हजार हा या इंजिनाला थकवणारा आकडा नाही. वेळेवर ऑइल बदललेली के-10 इंजिने त्याच्या दुप्पट चालतात. म्हणून किलोमीटरकडे न पाहता आधी दोन गोष्टी तपासा: गाडी कधी तापली होती का, आणि पत्रा खालून कसा आहे. या दोन्ही ठीक असतील तर गाडी जरूर ठेवा. बाकीचे सगळे बदलता येते आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात.

इंजिनाचा ब्लॉक (खालचा मुख्य भाग) आणि हेड (त्यावर बसणारा भाग) दोन्ही अॅल्युमिनियमचे आहेत. एकदा जोरात तापले की हेड वाकते, गॅस्केट (दोघांमधले सील) जाते आणि खर्च पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो. तापण्याची सुरुवात मात्र फुटकळ भागापासून होते: रेडिएटरचे झाकण, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाणी सोडणारी झडप), पंख्याची मोटर किंवा रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीला गेलेली बारीक चीर. त्यातच अनेक जण वर्षानुवर्षे नळाचे नाहीतर बोअरचे पाणी ओततात. त्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या चोंदतात. सगळे पाणी काढून सिस्टीम धुऊन घ्या आणि तयार मिश्रणाचे कूलंट भरा. पंधरा वर्षांचे होज पाइप हाताला कडक किंवा फुगलेले लागले तर त्याच वेळी बदला. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली की घाबरायला होते, पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती थोडी येतेच. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइलही दुधी असेल, किंवा कूलंट कमी होत असूनही गळती सापडत नसेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासायला हवे.

2010 पूर्वीच्या जुन्या वॅगनआरमध्ये टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणारा पट्टा) होता. तुमच्या गाडीत त्याऐवजी चेन आहे. ती ठरावीक अंतराने बदलावी लागत नाही, पण तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल उशिरा बदलले की चेन सैल पडते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद खळखळ ऐकू येते. 5डब्ल्यू-30 ग्रेडचे ऑइल फिल्टरसह दर 10 हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदला. तीन लिटरपेक्षा थोडे कमीच लागते. अख्खा डबा ओतू नका, डिपस्टिक पाहून भरा.

पुढच्या पाच वर्षांत काय काय येईल? क्लच एकदा नक्की, प्लेट, कव्हर, बेअरिंग आणि मजुरी धरून साधारण सहा ते आठ हजार. बॅटरी एकदा, कदाचित दोनदा. टायर चार. टायरची झीज न पाहता बाजूवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का वाचा. गाडी कमी चालत असेल तर नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र आतून कडक होते. पुढच्या सस्पेन्शनचे लिंक रॉड (जोडदांडे) आणि लोअर आर्मचे बुश (रबरी गुटके) खड्ड्यांच्या रस्त्यावर आधी बोलू लागतात. मिस्त्री शॉकअप बदलायला सांगेल, पण आधी लिंक रॉड सोडवून गाडी फिरवून पाहा. बहुतेक वेळा खडखड तिथेच थांबते आणि हजारभरात काम होते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. यात कुणी टाळाटाळ करू नये; घाटात उतरताना ओलावा शिरलेले ऑइल उकळते आणि पेडल खाली जाते.

कागदांचेही बघा. दिल्ली परिसरातल्या बंदीच्या बातम्यांमुळे महाराष्ट्रातही पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात जाते, असा समज पसरला आहे. तसे नाही. आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग होते. अर्ज नमुना 25 मध्ये, मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत करायचा. मोटारीचे नूतनीकरण शुल्क 5000 रुपये, उशीर झाल्यास दरमहा 500 रुपये जास्त, आणि पर्यावरण कर वेगळा. विमा, पीयूसी आणि एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेट आधी पूर्ण करून ठेवा. हेडलाइटची धूसर काच, बंद पडलेला ब्रेक लाइट अशा किरकोळ गोष्टींसाठी फेरा पडू देऊ नका.

प्रश्न : रत्नागिरीत 2012 ची वॅगनआर पाहिली आहे. रंग चकचकीत आहे. गंज कुठे बघावा?
– वाचक, चिपळूण

चकचकीत रंगावर जाऊ नका, उलट ताजा रंग दिसला तर जास्त बारकाईने बघा. गाडी लिफ्टवर चढवा. दारांखालची पत्र्याची पट्टी, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानीची आतली बाजू आणि पुढे शॉकअप वर जिथे बसतो तो भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. भरीव आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर आत पुट्टी किंवा कुजलेला पत्रा आहे. मग आतले कार्पेट उचला. डाव्या बाजूला ओल असेल तर एसीचा निचरा पाइप चोंदलेला असू शकतो. तो साफ करणे सोपे आहे, पण त्या पाण्याने खालचा पत्रा किती खाल्ला ते पाहा.

खालून सरसकट काळे अंडरकोटिंग मारलेले असेल तर सावध राहा. गंजावर मारलेले कोटिंग ओल आत कोंडते आणि पत्रा लवकर जातो. शॉकअपच्या बैठकीला गंज असेल तर ती गाडी घेऊ नका, भाव कितीही उतरवला तरी. दाराच्या कडेचा वरवरचा गंज मात्र दोन-तीन हजारांत निघतो.

प्रश्न : सिग्नलला उभी असताना आमची वॅगनआर थरथरते. गॅरेजमध्ये इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) बदलायला सांगितले आहे.
– वाचक, नाशिक

एवढ्यात इंजेक्टर नको. तीन सिलिंडरचे इंजिन थोडे थरथरतेच, पण आधीपेक्षा वाढले असेल तर स्वस्तापासून सुरुवात करा. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) उघडून काजळी साफ करा. तीन स्पार्क प्लग काढून एकमेकांशेजारी ठेवा. एखादा काळा किंवा ओला असेल तर दोष त्याच सिलिंडरचा. मग त्या सिलिंडरवरची कॉइल (प्लगला वीज देणारा भाग) शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा. मिस फायर (सिलिंडर मध्येच न पेटणे) तिकडे सरकला तर कॉइल गेली, जागेवरच राहिला तर प्लग बदलून पाहा आणि नंतरच इंजेक्टरचा विचार करा.

एवढे करूनही थरथर राहिली तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते रबरी आधार) बघा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडायला सांगा, तोवर तुम्ही बाजूला उभे राहून इंजिनाकडे पाहा. गाडीसमोर कुणीही उभे राहू नये. इंजिन एकदम उचलून आपटत असेल तर माउंटिंगचे रबर फाटले आहे. गॅस किट बसवलेले असेल तर हीच तपासणी पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळी करा. फक्त गॅसवर थरथर असेल तर प्लगमधले अंतर आणि गॅसचा फिल्टर आधी पाहावा. सोबत टाकीवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीची) तारीखही वाचा, सीएनजी टाकीची ती चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.